नाव बदलताना
लाखो ओळींच्या जावा प्रकल्पात ‘गेटटोटल’ या मेथडचं नाव बदलायचं म्हटलं, की पूर्वी अंगावर काटा यायचा. ‘शोधा आणि बदला’ केलं, तर त्याच नावाच्या भलत्याच मेथडही बदलायच्या, वर कॉमेंटमधला मजकूरसुद्धा. हुशार एडिटर नुसती अक्षरं जुळवत बसत नाही. कुठली ‘गेटटोटल’ कोणत्या क्लासची, हे तो कोडच्या रचनेवरून ओळखतो आणि नेमक्या तेवढ्याच जागा बदलतो. २००१ साली आलेल्या इंटेलिजे आयडिया या एडिटरने जावावाल्यांना या चैनीची सवय लावली.

अशा साधनांच्या गोष्टीत गंमत एरिख गामा यांची. एक्लिप्स या दुसऱ्या एडिटरची जावा साधनं घडवणारे हे गृहस्थ पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे त्यांनी व्हीएस कोड हा एडिटर उभारला. २०१६मध्ये जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने तर भाषेची जाण एडिटरपासून वेगळीच काढली: एका भाषेसाठी एकदा सर्व्हर लिहिला, की तो अनेक एडिटरना चालतो. विम या साध्या टेक्स्ट एडिटरचे कट्टर भक्तही खूश!

फुकट मात्र काही नाही. मोठा प्रकल्प उघडला की आधी इंडेक्सिंग. पंखा घोंघावतो, रॅम भरते, तेवढ्यात चहा उरकता येतो. आणि रिफ्लेक्शनसाठी, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावावरून मेथड शोधण्यासाठी, स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं जुनं नाव अनेकदा तसंच राहून जातं. ते सापडतं थेट प्रोग्रॅम कोसळल्यावर.