'डिमॅट'वाल्या भावेंचं नाव आपल्या पोरांना माहीत पाहिजे

पेडगावात आता पारावर सोयाबीनच्या भावासोबत 'कॉल-पुट'च्या गप्पा चालतात. पोरांच्या मोबाईलमध्ये डिमॅट खातं आहे. पण हे डिमॅट आणलं कोणी, विचारलं तर म्हणतात, "भाऊ, ते ॲपवाल्यांनीच काढलं ना?"

नाही. चंद्रशेखर भास्कर भावे हे नाव लक्षात ठेवा. १९७५ च्या तुकडीचे, महाराष्ट्र केडरचे आयएएस. १९९२ पासून सेबीत होते. तेव्हा शेअर म्हणजे कागद. विकत घेतला की टपालानं कंपनीकडं पाठवायचा. सही जुळली नाही की महिन्यांनी परत. खोटे, चोरीचे कागदही बाजारात फिरायचे आणि गिऱ्हाईक दलालाच्या तोंडाकडं बघत बसायचं. १९९६ ला डिपॉझिटरीचा कायदा आला. भावेंनी आयएएस सोडली आणि एनएसडीएल उभी केली. आपल्याकडं तलाठ्याची नोकरी कोणी सोडत नाही, हा माणूस आयएएस सोडून शेअरचे कागद संपवायला गेला. नोव्हेंबर १९९६ ला काम सुरू झालं.

२००८ ला ते सेबीचे अध्यक्ष झाले. तेव्हा म्युच्युअल फंडात १०,००० टाकले की सव्वादोनशेच्या आसपास आधीच कापले जायचे, त्यातून विकणाऱ्याचं कमिशन निघायचं. १ ऑगस्ट २००९ पासून ते बंद केलं. एजंट लोक भडकले. पुढं युलिपवरून विमा कंपन्यांशी वाजलं, तिथं सरकारनं २०१० ला वटहुकूम काढून सेबीला बाजूला केलं. तीन वर्षं भरली, २०११ च्या फेब्रुवारीत ते गेले. माझ्या मते सेबीला एवढा नडणारा अध्यक्ष क्वचितच मिळाला.

आता शेअर चोरीला जाणं अवघड झालंय. पैसा मात्र जातोच, आणि आपल्याच बोटानं जातो. सेबीनं सप्टेंबर २०२४ ला सांगितलं, तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन खेळणाऱ्या १०० सामान्य माणसांपैकी ९३ तोट्यात गेले. सौद्यांच्या खर्चापोटीच सुमारे ५०,००० कोटी गेले, त्यातली निम्म्याहून जास्त दलाली. मोंढ्यातला आडत्या निदान ओळखीचा असतो, अडीअडचणीला उचल देतो. ॲपचं तसं नाही. तुम्ही हरा नाहीतर जिंका, त्याचं कमिशन सुटत नाही.

गावातल्या एका पोरानं परवा कॉन्ट्रॅक्ट नोटा दाखवल्या. गाव लहान, नाव-आकडा लिहीत नाही. घरच्या सोयाबीनचे पैसे होते. त्यात टेलिग्रामवरच्या कुठल्यातरी 'सर'ला पासवर्डही दिलेला! मित्रांनो, सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साईटवर बघा, ओटीपी-पासवर्ड कोणाला देऊ नका. आणि डिपॉझिटरीचं जे स्टेटमेंट ईमेलवर येतं ना, ते उघडा. त्या पोरानं दोन वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून उघडलं, त्याच्या नावावर एकही शेअर नव्हता.