पियानोच्या पोटातला साझ

अंकाऱ्याहून सिवासला 2023 पासून वेगवान गाडी जाते. बाहेर अनातोलियाचं उघडंबोडकं पठार मागे पळत असतं. माझ्या कानात तुर्की पियानोवादक फाझिल साय यांचा पियानो. साय अंकाऱ्याचे, जन्म 1970 चा. पुढलं शिक्षण जर्मनीत, आणि मोत्सार्ट वाजवून जगभर नाव. पण ज्या रचनेपायी मी या आडवाटेला लागलो, ती 'कारा तोप्राक', म्हणजे काळी माती, सिवासकडची.

तिचं मूळ आशिक वेसेल. 1894 साली याच प्रांतातल्या सिव्रिआलान गावी जन्मला. देवीने एक डोळा नेला, पुढे अपघाताने दुसरा. बापाने हाती साझ हे लांब मानेचं तंतुवाद्य दिलं आणि हा आंधळा शाहीर देशाच्या गळ्यातला ताईत झाला. मातीला जिवलग मानणारं त्याचं गाणं साय यांनी 1997 मध्ये पियानोवर आणलं. वाजवताना उजवा हात पट्ट्यांवर. डावा थेट पियानोच्या पोटात, तारा दाबून धरायला. त्यामुळे आस तुटते आणि कोरडा, लाकडी टणत्कार उरतो. डोळे मिटले तर साझच! मधे जॅझ उसळतो, तो ओसरला की पुन्हा त्या दाबलेल्या तारा.

सिवासच्या चौकात 1271 सालच्या जोडमिनारी मदरशाचं दर्शनी अंग तेवढं उभं आहे. समोर 1217 चं सेल्जुक रुग्णालय. जवळच्याच इमारतीत 1919 मध्ये तुर्की राष्ट्रवादी नेते मुस्तफा कमाल यांनी सिवास काँग्रेस भरवली. हे सगळं मी भराभर पाहिलं, कारण पाय ओढत होते मादिमाक हॉटेलकडे.

2 जुलै 1993. पीर सुलतान अब्दाल या लोककवीच्या नावाच्या महोत्सवाला आलेले लेखक-कलावंत या हॉटेलात उतरले होते. धर्मांध जमावाने ते पेटवलं. 33 जण आणि हॉटेलचे दोन कर्मचारी गेले. त्यांत हसरेत ग्युलतेकिन हा कोवळा, अव्वल साझवादकही. 2011 मध्ये इथे सरकारी सांस्कृतिक केंद्र झालं, तेव्हा मृतांच्या यादीत मेलेल्या दोघा हल्लेखोरांचीही नावं कोरली. याला निर्लज्जपणाच म्हणायचं.

त्या आगीत जखमी होऊन पुढे दगावलेल्या कवी मेतिन आल्तिओकवर साय यांनी 2003 मध्ये मोठं शोकसंगीत रचलं. समूहगायन, वाद्यवृंद, सगळा लवाजमा. दहा वर्षांनी त्यांनाच धर्मभावना दुखावल्याबद्दल शिक्षा झाली, 2016 ला ते निर्दोष सुटले. ते शोकसंगीत मला थोर वाटतं; पण सिवासच्या या रस्त्यावर उभं राहून ऐकावी ती 'कारा तोप्राक'च.