प्रेक्षकांतील एक चेहरा

सांघिक खेळात सर्वांत एकाकी माणूस कोण, असे आम्हांस कुणी विचारले, तर क्षणाचाही विलंब न लावता आम्ही 'गोलरक्षक' असे उत्तर देऊ. सारे सहकारी पुढे धावत असतात आणि हा आपल्या दोन खांबांमध्ये उभा असतो. त्याने अडवलेले वीस फटके सायंकाळपर्यंत विस्मृतीत जातात. सुटलेला एकच फटका मात्र वर्षभर गावाच्या तोंडी राहतो. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या घरात एक गोलरक्षक वाढला आणि आता दुसरा वाढतो आहे. पहिल्याचा खेळ आम्ही एकदाही पाहिला नाही. दुसऱ्याचा पाहावा म्हणून साता समुद्रांपलीकडे गेलो आणि तेथे एका तिसऱ्याच गोलरक्षकाची ओळख झाली. त्या ओळखीविषयी हे चार शब्द.

२०१८ सालच्या नाताळात आम्ही उभयता अमेरिकेत, बॉस्टनजवळ राहणाऱ्या आमच्या मुलाकडे गेलो होतो. वसईच्या दमट हवेत मुरलेल्या आमच्या हाडांना तेथील थंडी मानवणे कठीणच होते. अशातच एका शनिवारी, बाहेर अजून अंधार असताना, आमचा बारा वर्षांचा नातू उशाशी येऊन उभा राहिला. "आजोबा, उठा ना, माझी मॅच आहे!" त्याच्या हाकेत इतकी उत्सुकता होती, की नाही म्हणवेना. दोन स्वेटर, त्यांवर कोट आणि डोक्याला मफलर असा जामानिमा करून आम्ही निघालो.

आइस हॉकीचे मैदान, ज्याला तेथे 'रिंक' म्हणतात, ते आम्ही प्रथमच पाहिले. एका विस्तीर्ण छपराखाली आरशासारखा बर्फ पसरलेला आणि त्यावरून पायांत पाते लावलेले बूट घालून मुले वाऱ्यासारखी सरकत होती. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. चेंडूऐवजी कठीण रबराची एक चकती असते. तिला 'पक' म्हणतात. ती तीन इंच रुंद आणि एक इंच जाड असते. मोठ्यांच्या खेळात हीच चकती ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने येते आणि सहा फूट रुंद, चार फूट उंच अशा गोलासमोर उभ्या असलेल्या माणसाने ती अंगावर घ्यायची असते. आमचा नातू त्या जागी उभा होता. पायांना जाडजूड पॅड, छातीवर कवच, तोंडावर जाळीचा मुखवटा. आमच्या वाडीतल्या बुजगावण्याला कुणी शर्यतीला उभे करावे तसे ते ध्यान दिसत होते.

खेळ सुरू होण्यापूर्वी त्याने मुखवट्याच्या जाळीतून बाकांवर नजर फिरवली. एकदा, दोनदा. मग आमच्या दिशेला ती स्थिरावली आणि त्याने हातातील काठी गोलाच्या खांबावर दोनदा ठोकली. आम्हांला काही उमगले नाही. शेजारी बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "पप्पा, तो तुम्हांला शोधत होता. हात करा." आम्ही हात उंचावला.

त्या रात्री जेवणे उरकल्यावर मुलाने दूरदर्शन संचावर एक जुने चित्रण लावले. "पप्पा, हे पाहा. इथली प्रत्येक हॉकी खेळणारी मुले याला ओळखतात." पडद्यावर विशीतला एक तरुण होता. त्याचे नाव जिम क्रेग.

जिम क्रेग हा मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ईस्टन या छोट्या गावचा. १९५७ सालचा जन्म, आठ भावंडांचे भरले घर. आरंभी तो एका साध्या कम्युनिटी कॉलेजात शिकला आणि तेथून बॉस्टन विद्यापीठात आला. १९७७ साली त्याच्या आईचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी अटलांटाच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली होती. परंतु पैशाच्या त्या वाटेला न जाता तो महाविद्यालयातच राहिला. १९७८ साली त्याच्या विद्यापीठाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकावले. पुढे हर्ब ब्रूक्स या कठोर प्रशिक्षकाने १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी जो संघ बांधला, त्याच्या गोलाची जबाबदारी याच तरुणाकडे आली. संघातील बहुतेक मुले नुकतीच महाविद्यालयातून बाहेर पडलेली किंवा अद्याप शिकत असलेली होती. क्रेगचे वय होते बावीस.

त्यांच्यासमोर होता सोविएत संघ. लागोपाठ चार ऑलिंपिकांत सुवर्णपदक जिंकलेला, वर्षानुवर्षे एकत्र खेळून तयार झालेला. ऑलिंपिकच्या तोंडावर, ९ फेब्रुवारी रोजी न्यूयॉर्कमध्ये सरावाचा सामना झाला, त्यात सोविएत खेळाडूंनी या पोरांना १० विरुद्ध ३ गोलांनी धूळ चारली. असा मार खाऊन गोलात पुन्हा उभे राहायला काय लागत असेल, हे गोलरक्षकाच्या घरच्यांनाच ठाऊक.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २२ फेब्रुवारीस, लेक प्लॅसिड या डोंगराळ गावी हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. सोविएत संघाने ३९ फटके मारले. अमेरिकेने केवळ १६. त्या ३९ पैकी ३६ क्रेगने अडवले. खेळ संपण्यास नेमकी दहा मिनिटे उरली असताना कर्णधार माइक इरुझिओनीने गोल केला आणि अमेरिका ४–३ अशी पुढे गेली. ती शेवटची दहा मिनिटे आम्ही मुलाच्या दिवाणखान्यात बसून पाहिली. निकाल जगजाहीर आहे, घटनेला अडतीस वर्षे लोटली आहेत, तरीही आमच्या मुठी आवळलेल्या होत्या.

पुष्कळांस वाटते, की सुवर्णपदक त्याच दिवशी मिळाले. तसे नव्हते. आणखी एक सामना बाकी होता. २४ फेब्रुवारी रोजी फिनलंडविरुद्ध दोन सत्रे संपली, तेव्हा अमेरिका १–२ अशी मागे होती. अखेरच्या सत्रात तीन गोल झाले आणि ४–२ असा विजय मिळाला. सातही सामन्यांत, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, गोलात एकटा क्रेगच उभा होता.

यानंतर जे घडले ते दाखवण्यासाठीच मुलाने आम्हांला जागे ठेवले होते. बर्फावर एकच जल्लोष उसळला होता. खेळाडू एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. कुणीतरी क्रेगच्या खांद्यांवर राष्ट्रध्वज घातला. आणि तो विजयी वीर त्या गर्दीपासून किंचित दूर उभा राहून, मान उंचावून, प्रेक्षकांच्या रांगांमागून रांगा न्याहाळत होता. त्याचे ओठ हलत होते. आपले वडील कुठे आहेत, हे तो विचारत होता. आई तीन वर्षांपूर्वीच गेलेली. साऱ्या देशाचे डोळे त्याच्यावर खिळले होते आणि त्याचे डोळे एका चेहऱ्यासाठी भिरभिरत होते. वडील तेथेच, प्रेक्षकांत होते.

मुलाने चित्र थांबवले. घरात शांतता होती. मग तो पडद्याकडेच पाहत म्हणाला, "पप्पा, आमच्या फायनलला मीसुद्धा असाच बघत होतो. तुम्ही गल्फला आहात हे माहीत होते. तरी बघत होतो."

वाचकहो, या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर आम्हांस उत्तर देणे सोपे गेले असते. आमच्यापाशी उत्तरे पुष्कळ होती. १९७६ ते १९९० अशी चौदा वर्षे आम्ही आखातात काढली. घरावर कर्ज होते, दोन मुलींची लग्ने व्हायची होती, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी होते. त्या काळी आमच्या गावातील कितीतरी घरांच्या चुली महिन्याच्या ड्राफ्टवर पेटत असत आणि कितीतरी मुले दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या बापाला पाहुणा समजून त्याच्यासमोर लाजत असत. हे सारे खरेच आहे. परंतु त्या रात्री आम्हांला यांतले काहीही आठवले नाही. आठवले ते एक पत्र.

१९८८ च्या मे महिन्यात मुलाने ते आम्हांस पाठवले होते. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. धर्मग्रामाच्या मैदानावर फुटबॉलचे सामने झाले होते. अंतिम सामना बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेला होता आणि त्याने दोन फटके अडवून संघाला जिंकून दिले होते. दोन पाने भरून त्याने ते वर्णन लिहिले होते. कुणी कुठून मारले, फादरांनी कसे उचलून घेतले, आजी कशी रडली. आम्ही रात्रपाळी संपवून ते खोलीवर वाचले, घडी घालून उशाखाली ठेवले आणि चार ओळींचे उत्तर धाडले. त्या चार ओळींतील एक अशी होती: "गणितात किती गुण मिळाले ते कळव." दुसरी अशी: "पुढील वर्षी दहावी आहे, तेव्हा आता खेळ पुरे."

त्याने गुण कळवले. ते चांगले होते. हातमोजे माळ्यावर ठेवले. तो शिकला, मोठा झाला, परदेशी गेला, आम्हांला कशाची उणीव भासू दिली नाही. आमचे हिशोब चुकले होते, असे कुणी म्हणणार नाही. परंतु त्या दोन पानांना आम्ही उत्तर दिलेच नव्हते. ते पत्र तीस वर्षे अनुत्तरितच राहिले होते.

काही वेळाने, विषय बदलावा म्हणून, आम्ही विचारले, "या क्रेगचे पुढे काय झाले? मोठा खेळाडू झाला असेल." मुलगा म्हणाला, "नाही, पप्पा." ऑलिंपिक संपताच तो अटलांटाच्या व्यावसायिक संघाकडे गेला. पहिला सामना १ मार्च १९८० रोजी झाला, तो जिंकलाही. तेथे एकूण चार सामने झाले. पुढे बॉस्टनच्या संघासाठी तेवीस आणि शेवटी मिनेसोटासाठी तीन. एकंदर तीस सामने. १९८४ पर्यंत त्याची त्या सर्वोच्च पातळीवरील कारकीर्द आटोपली होती. १९९९ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या सन्मान्य खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव घातले. मात्र त्या सन्मानाच्या मुळाशी लेक प्लॅसिडचे ते दोन आठवडेच होते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आम्ही हिशोबी माणूस. तीस सामन्यांसाठी एवढी वर्षे बर्फावर घालवावीत का, हा प्रश्न सवयीने मनात आलाच. मुलाचे हातमोजे आम्ही माळ्यावर ठेवायला लावले, ते याच प्रश्नाच्या बळावर. खेळाने पोट भरत नाही, हे आमचे म्हणणे होते. आणि पाहा, साऱ्या अमेरिकेने डोक्यावर घेतलेल्या मुलाचेही त्या खेळाने फार दिवस भरले नाही. म्हणजे आमचे म्हणणे खरेच ठरले होते. तरीही त्या खरेपणाचे समाधान वाटेना. कारण तो तरुण मान उंचावून जे शोधत होता, त्याचा पोटाशी संबंध नव्हता. पुढे तीस सामने मिळणार की तीनशे, हे त्याला त्या क्षणी ठाऊक नव्हते आणि त्याची त्याला पर्वाही नव्हती. आपण जे केले ते आपल्या माणसाने पाहिले का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. हा प्रश्न मूल फार थोड्या वेळा विचारते. आमच्या मुलाने तो दोन पाने भरून विचारला होता, आणि आम्ही गुणपत्रिका मागितली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही कुणी उठवण्याआधीच तयार होऊन बसलो. त्या दिवशी नातवाचा संघ २–५ असा हरला. पाचवा गोल तर त्याच्या दोन पायांमधून गेला. सामना संपल्यावर त्याने मुखवटा वर केला, तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने बाकांकडे पाहिले. आम्ही उभे राहिलो आणि हात उंचावला. त्याने काठी खांबावर ठोकली नाही, पण मान हलवली.

परतताना तो मोटारीत आमच्याशेजारी मुकाट बसला होता. "जाऊ दे, अभ्यासात लक्ष घाल," हे वाक्य आमच्या जिभेवर आले होते. जुनी सवय! ते आम्ही गिळले आणि विचारले, "दुसऱ्या सत्रात तो उंच आलेला फटका तू अडवलास, तो तुला दिसला तरी कसा?" त्याने आमच्याकडे वळून पाहिले. मग त्याची जी गाडी सुरू झाली ती घर येईपर्यंत थांबली नाही.

घरी पोहोचल्यावर तो आजीला हाक मारीत आत धावला. मुलगा मागील सामानकप्प्यातून ओले पॅड काढत होता. आम्ही त्याच्याजवळ जाऊन उभे राहिलो. काय बोलावे ते सुचेना. शेवटी तीस वर्षांपूर्वी पत्रात विचारायला हवे होते, तेच विचारले.

"त्या फायनलला, शेवटच्या पेनल्टीला, कोणत्या बाजूला झेप घेतली होतीस रे?"

त्याचे हात थांबले. तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला आणि मग हसला.

"डावीकडे, पप्पा," तो म्हणाला. "चला आत, थंडी आहे. सगळे सांगतो."