तेंदूच्या रानात तान्ह्यांचा मुक्काम

उन्हाळा लागला की ऐपतीची माणसे थंड हवेच्या गावी जातात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची कष्टकरी माणसे त्याच दिवसांत रानात मुक्कामाला निघतात. एप्रिलच्या अखेरीस तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. शेतीची कामे तेव्हा थांबलेली असतात. हाताला काम मिळते म्हणून अख्खे घर निघते, आणि घराबरोबर अंगावर पिणारी लेकरेही निघतात. त्यांना मागे ठेवणार तरी कुणाजवळ?

आम्ही चार कुटुंबे सिंदेवाहीकडून निघालो. मूल, सावली, व्याहाड ही गावे मागे टाकून वैनगंगेच्या पुलावर आलो. ऐन उन्हाळ्यात या नदीत पाण्याहून वाळूच जास्त दिसते. पुलापलीकडे गडचिरोली, आणि तिथून धानोऱ्याची वाट धरली की रान दाट होत जाते. साग, मोह, ऐन, बांबू आणि मधूनमधून तेंदूची झुडपे. आमच्यात दोन लहानगी होती. एक पाच महिन्यांचे, दुसरे दीड वर्षाचे. गावाशेजारी हातपंप होता, त्याच्याजवळच बांबू आणि ताडपत्रीचे मांडव उभे केले. तळ कुठे टाकायचा हे आधी पाणी पाहून ठरवावे, मग सावली पाहून.

पत्त्याचे काम पहाटेचे. उजाडले की रानात शिरायचे, ऊन चढायच्या आत परतायचे. मग सावलीत बसून ७० पानांचा एक पुडा बांधायचा. असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. संध्याकाळी फळीवर दिवाणजी पुडे मोजून घेतो आणि ते उन्हात वाळत पडतात. एवढ्या धावपळीत लेकरू कुणी पाहायचे? अनेक बाया ते पाठीशी बांधून रानात नेतात, किंवा झुडपाखाली लुगड्यावर निजवून पाने तोडतात.

हे किती धोक्याचे आहे ते आमच्या सिंदेवाही तालुक्याने पाहिले आहे. १० मे २०२५ रोजी मेंढा-मालच्या रानात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाकून पाने तोडणारे मोठे माणूसही वाघाला सावजासारखे दिसते, मग जमिनीवरच्या लेकराचे काय सांगावे? म्हणून निघण्याआधीच आम्ही ठरवले की लेकरे रानात न्यायची नाहीत. आमच्यातल्या एका आजीला तळावर ठेवले. पाच महिन्यांच्या बाळाची आईही तळावरच राहिली, तिने रांधण्याचे आणि पुडे बांधण्याचे काम घेतले. हिशेबाच्या दिवशी आजीचा वाटा इतरांएवढाच काढला. एक-दोघांनी कुरकुर केली, "आजीने तर पानाला हातही लावला नाही." त्यावर आईबाया म्हणाल्या, "तिने लेकरे धरली म्हणून तर आमचे हात मोकळे झाले." पुढे कुणी बोलले नाही.

झोळी कुठे बांधावी हे गावातल्या गोंड बायांनी दाखवले. मोहाची सावली गार असते, पण वर आग्यामोहोळ नाही ना, हे आधी पाहायचे, कारण चुलीच्या धुराने माश्या उठतात. फांदी वाळकी नसावी. झोळीत बाळाची मान दुमडू नये, तोंडावर कापड येऊ नये.

मायबहिणींनो, आणखी काही गोष्टी लक्षात असू द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. त्याला वरचेवर अंगावर पाजावे, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. रानातला मध कितीही चांगला असला तरी वर्षाच्या आतल्या लेकराला चाटवू नये. हगवण लागली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट द्यावे. चमचा चहाचा असावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र अंगावर पाजत ठेवून लगेच दवाखान्यात न्यावे. गडचिरोली हिवतापाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. ताप आला की रक्त तपासावे, अंगारे-धुपारे करीत बसू नये. रात्री बाजेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली दाबाव्यात. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो आणि त्याचा चावा पुष्कळदा कळतही नाही. मच्छरदाणीने डास अडतो आणि सापही अडतो. दिवस कलल्यावर लेकराला मांडवाबाहेर एकटे सोडू नये, कारण बिबट्या गावाशेजारीच फिरतो.

पण हे सारे आईनेच सांभाळायचे काय? बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी बायांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाची बाजू घेतली. मातेला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९२९ मध्ये तो कायदा झाला. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त मुले असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. तेंदूच्या फळीवर मात्र लेकरू ज्याचे त्यानेच पाहायचे, अशीच रीत आम्हाला दिसली.

ही रीत बदलता येईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपत्ता हे गौण वनोपज मानले आणि त्यावर रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा पत्त्याची विक्री स्वतः करू लागल्या. ज्या ग्रामसभेच्या हाती विक्रीचा पैसा आहे, तिला फळीजवळ एक मांडव, एक माठ, दोन बाजा, मच्छरदाण्या आणि लेकरे सांभाळणाऱ्या बाईची मजुरी जड नाही. जिथे ठेकेदार आहे, तिथे काम धरतानाच ही मागणी करावी. हंगाम लागण्याआधी आपल्या गावच्या सभेत हा विषय मांडा. बाया पुढे बसलेल्या असताना मांडा.