हिरव्या खुणा

हिंगोली जिल्ह्यात शिष्यपणाचा विषय निघाला की ख्रिस्ती माणसालाही नामदेव आठवतात. नर्सी त्यांचं गाव. गोरोबाकाकांनी थापटण्याने सगळ्या संतांची डोकी तपासली, नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं, मग ते विसोबा खेचरांकडे औंढ्याला आले, ही आख्यायिका इथल्या लेकराबाळांनाही ठाऊक असते.

आता आमचे ख्रिस्ती शिष्यत्वाचे पाठ मोबाइलवर येतात. आमच्या मंडळ्या लहान, विखुरलेल्या. पाळक एक आणि गावं अनेक. बायबलचं शिक्षण घ्यायला पुण्याला जावं, तर मागे सोयाबीन कोण काढणार? युनियन बिब्लिकल सेमिनरी पूर्वी निदान यवतमाळला होती. १९८३ साली तीही पुण्याला गेली. म्हणून या पाठांचं मला मनापासून मोल आहे. दुरून शिकलेलं कमअस्सल, असं मी मानत नाही. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिलं, तेही दुरूनच. मात्र त्याची पत्रं मंडळीत सगळ्यांसमोर वाचली जात, आणि थेस्सलनीकाकरांना प्रत्यक्ष भेटण्याची ओढ त्याने लपवली नाही. १९७१मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या ‘टाफ्टी’ या दूरस्थ ख्रिस्ती शिक्षणाच्या संस्थेनेही अभ्यास घरी करायला दिला, पण चर्चेला गटात बसवलं.

परवा एका घरी स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही बसलो होतो. पाठ क्षमेचा. शेवटच्या प्रश्नांना एका तरुणाने भराभर उत्तरं दिली. सगळीकडे हिरव्या खुणा उमटल्या. मागे एक मावशी बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, “समदं बरोबर आलं बाबा. पर धुऱ्यापायी भावासंगं बोलणं सोडलंस, त्याचं काय?”

पोरगा गप्प झाला. कुणीही त्याच्या मदतीला धावलं नाही, आणि ते बरंच झालं. पाठ लिहिणाऱ्या विद्वानाला त्या दोन वावरांमधला धुरा कसा दिसावा? मावशी रोज त्याच्यावरून ये-जा करतात.

मराठीत असे पाठ तयार करणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. पाठ एकेकट्याच्या हाती देऊन थांबू नका. तो ऐकायला चार माणसं गोळा झालीच पाहिजेत, अशी अट घाला. प्रमाणपत्रावर गावातल्या मंडळीचीही सही असू द्या. आणि सही करण्याआधी “अजून थांब” म्हणायचा हक्क तिला द्या.