चुकण्याला कारण हवं

"कोर्स मस्त होता!" असं म्हणून धावपटू चहाच्या टेबलाकडे वळला, की कोर्स आखणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. बरं वाटतं, तेवढंच. "सातवा कंट्रोल वाईट होता," एवढ्यानंही भागत नाही. पण कुणी म्हणालं, "सातव्याला माझी चार मिनिटं गेली आणि का गेली ते अजून कळलेलं नाही," की मी वही उघडते.

ओरिएंटियरिंगमध्ये वाट आखून दिलेली नसते. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातल्या ठरावीक जागा ठरलेल्या क्रमानं गाठायच्या. एका जागेवरून दुसरीकडे कसं जायचं, हे ज्याचं त्यानं धावता धावता ठरवायचं. या जागांना कंट्रोल म्हणतात. तिथे पांढऱ्या-नारिंगी रंगाचा, ३० सेंटिमीटरच्या तीन चौकोनी बाजूंचा झेंडा टांगलेला असतो. कोणत्या दगडाशी, कोणत्या ओहोळाच्या वळणावर तो टांगायचा, कोणत्या क्रमानं आणि कुणासाठी, हे ठरवून कोर्स आखणारी व्यक्ती म्हणजे प्लॅनर. इंग्लंडमध्ये आल्यावर मी क्लबची सभासद झाले, आधी धावले आणि मग याच कामात रमले. सह्याद्रीत ढोरवाटांनी चकवलेल्या माणसाला नकाशावर विश्वास ठेवून चालण्याचं जे अप्रूप वाटतं, ते मला आजही वाटतं.

आमच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेत बहुधा पहिल्या दिवशी मिडल आणि दुसऱ्या दिवशी लाँग असते. मिडलमध्ये कस लागतो तो बारीक नकाशावाचनाचा. मोठ्या स्पर्धांत पहिला येणारा ३० ते ३५ मिनिटांत संपवेल, अशा बेतानं ती आखतात. लाँगमध्ये लांब टप्पे, दम आणि वाटेची निवड. त्यामुळे शनिवारी कुणी "वाटा निवडायला फार वाव नव्हता" म्हणालं, तर ती मी तक्रार धरत नाही. तेच वाक्य रविवारी ऐकू आलं, तर मात्र कान टवकारते.

लंडनच्या वायव्येला चिल्टर्न टेकड्या आहेत. खाली खडूचा खडक, वर बीचची उंच, मोकळी जंगलं. या जंगलात माणसानं शतकानुशतकं खणलं आहे: चिकणमातीसाठी, गारगोटीसाठी, लाकूड चिरण्यासाठी. खणती थांबली, खड्डे राहिले. १:१०,००० च्या नकाशावर त्यांची बारीक चिन्हं काही ठिकाणी इतकी दाट असतात, की कागदाला देवी आल्यासारखं वाटतं. अशा जागी कंट्रोल लावण्याचा मोह प्लॅनरला होतोच, आणि सर्वांत जास्त बोलणीही याच जागांवरून खावी लागतात.

शनिवारच्या एका मिडलमध्ये मी अशाच खड्ड्यांच्या घोळक्यात एक कंट्रोल लावला होता. संध्याकाळपर्यंत तीन-चार जण तरी तंबूत येऊन म्हणाले, "तिथे सगळं नशिबावर होतं." मी निकालाच्या टप्पावार वेळा काढल्या. हल्ली बोटात डिबर असतो. तो प्रत्येक कंट्रोलच्या यंत्रात घातला की 'टीक' होतं आणि वेळ नोंदली जाते. त्यामुळे कोण कुठे रेंगाळलं ते सेकंदापर्यंत कळतं. मग एकेकाला नकाशावर बोटानं त्याची वाट दाखवायला सांगितलं. खड्ड्यांच्या अलीकडे एक जुना मातीचा बांध आहे आणि त्याला एके ठिकाणी ठळक कोपरा आहे. ज्यांनी आधी तो कोपरा गाठला आणि तिथून होकायंत्र लावून सावकाश शेवटचं अंतर काटलं, त्यांचा वेळ गेला नव्हता. नाकासमोर सुसाट आले ते खड्ड्याखड्ड्यातून डोकावत फिरले. म्हणजे तिथे परीक्षा होती, आणि तिचं उत्तर नकाशावर छापलेलं होतं. हे दाखवल्यावर तक्रार घेऊन आलेले एक गृहस्थ बांधाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिले. "हा मी पाहिलाच नाही," एवढंच म्हणाले. त्यांना कारण सापडलं होतं.

याच्या उलट अनुभव मी धावपटू म्हणून घेतला आहे. एका स्पर्धेत कंट्रोल होता खोल खड्ड्याच्या तळाशी, वर हॉलीचं सदाहरित झुडूप. तुम्ही पोचता पोचता कुणी आतून वर चढून आलं तर कंट्रोल सापडला. कुणीच नसेल तर दहा पावलांवरूनही झेंडा दिसत नव्हता. नंतरच्या वेळा पाहिल्या तर त्यांत काही संगतीच नव्हती. पट्टीचे धावपटू अडकले होते आणि नवखे सहज निघून गेले होते. अनुभवी चुकतात आणि नवखेही चुकतात, पण कोण किती चुकेल याचा कौशल्याशी संबंध उरत नाही, तेव्हा दोष धावणाऱ्याचा नसतो. कंट्रोलपाशी दुसरा धावपटू असो वा नसो, झेंडा सारखाच दिसला पाहिजे, हे या खेळाचं जुनं तत्त्व त्यासाठीच आहे.

स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ ओरिएंटियरिंगची मोठी स्पर्धा भरवली, तेव्हाच्या नकाशांत आजचे बारकावे नव्हते. त्यामुळे असले प्रश्नच नव्हते; नकाशावरच नसलेला खड्डा कुणी शोधायला लावणार नाही. आज हातभर उंचीचा बांधही कागदावर उतरतो. प्लॅनरची ताकद वाढली, तशी जबाबदारीही.

काही अभिप्राय एकमेकांना सरळ छेद देतात. लाँगमधल्या एकाच टप्प्याला एक जणी 'दिवसातला सर्वांत सुंदर' म्हणते आणि दुसरी 'कंटाळवाणी पायवाट'. अशा वेळी मी बाजू घेत नाही, पावलं पाहते. अनेक धावपटूंच्या मनगटावर जीपीएस असतं. त्यांच्या रेषा नकाशावर एकत्र मांडल्या की टप्प्याचा खरा स्वभाव उघड होतो. कोरडी दरी थेट ओलांडायची, डावीकडून रुंद जंगलरस्त्यानं वळसा घालायचा की उजवीकडून उंची राखत जायचं, अशा तीन वाटा मी टेबलावर बसून मोजलेल्या असतात. रेषा तिन्हीकडे विखुरल्या आणि वेळा जवळपास सारख्या आल्या, तर तो टप्पा जमला. सगळ्या रेषा एकाच रस्त्यावर एकीवर एक चढल्या, तर निवड फक्त माझ्या डोक्यात होती आणि कंटाळल्याचं सांगणारी बाई बरोबर होती.

मोठ्यानं बोलणारे बहुतेक लांब कोर्सवाले असतात. सत्तरी ओलांडलेले धावपटू स्वतःहून कमी बोलतात, पण त्यांना विचारलं तर मोलाचं हाती येतं: कुठलं तारेचं कुंपण ओलांडताना गुडघा दुखला, कुठे काटेरी ब्रॅम्बल नकाशात दाखवलंय त्याहून फोफावलंय, १:७,५०० च्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरही कुठे कंट्रोलच्या वर्तुळाची रेघ नेमकी पायवाटेच्या फाट्यावर आल्यानं तो वाचता आला नाही.

आणि मुलं तर काहीच बोलत नाहीत. इंग्लंडमध्ये सर्वांत सोपे कोर्स पांढरा आणि पिवळा. त्यांत पायवाटा, कुंपणं, भिंती धरूनच जायचं असतं. एका शनिवारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पिवळा कोर्स संपवून आली. डोळे लाल, आई म्हणत होती, "जमलं की नाही, बघ!" मी गुडघ्यावर बसून तिच्यापुढे नकाशा धरला आणि विचारलं, "कुठे थांबलीस?" तिनं चिखलानं माखलेलं बोट एका फाट्यावर टेकवलं. "इथे दोन वाटा आहेत. नकाशात एकच आहे." मी जाऊन पाहिलं. आमच्या शेवटच्या तपासणीनंतर सायकलवाल्यांनी तिथे नवी वाट पाडली होती आणि ती खऱ्या वाटेपेक्षाही ठसठशीत दिसत होती. मोठ्या कोर्सचे कितीतरी धावपटू तिच्यावरून गेले होते. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण त्यांना तिची गरज नव्हती. रविवारी पांढरा कोर्स त्याच फाट्यावरून जाणार होता. संध्याकाळीच त्या नव्या वाटेच्या तोंडाशी आम्ही फीत बांधली. त्या शनिवारी मिळालेला सर्वांत अचूक अभिप्राय त्या मुलीचा होता, आणि विचारलं नसतं तर तो मिळालाच नसता.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे: चांगल्या कोर्सवर माणसं चुकतातच, पण चुकल्याचं कारण त्यांना नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. ज्या जागी बरीच माणसं चुकली आणि कुणालाच कारण सांगता येत नाही, तिथे प्लॅनरनं पुन्हा जाऊन उभं राहिलं पाहिजे. आवडलं-नावडलं यापेक्षा 'का चुकलात?' हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर धावणाऱ्यांशिवाय कुणाकडेच नसतं.

इंग्लंडमधल्या स्पर्धांत कोर्स पुरा करो वा अर्ध्यात सोडो, प्रत्येकानं तंबूत येऊन डिबरमधली नोंद उतरवून द्यायची असते. जंगलात कुणी मागे राहिलं नाही याची खात्री त्यावरूनच होते. अर्ध्यात सोडणारे मान खाली घालून येतात आणि लगेच निघून जातात. त्यांना सांगायचं आहे: दोन मिनिटं थांबा. कोणता कंट्रोल, कोणत्या बाजूनं आलात, शेवटची ओळखीची खूण कोणती होती आणि तिच्यानंतर काय दिसेल असं वाटलं होतं, एवढं प्लॅनरला सांगा. पुढचा कोर्स त्यावरच सुधारतो.