गिटार बदलावी का?

आमच्या घरात गिटार आली ती चिरंजीव पाचवीत असताना. शेजारच्या मुलाकडे होती म्हणून आपल्यालाही हवी, हा एकमेव सांगीतिक हेतू. सव्वाशे डॉलरमध्ये गिटार, कापडी पिशवी आणि वर दोन पिकं असा सगळा संच मिळाला होता. दोन वर्षं वाजली, मग सॉकर आला, परीक्षा आल्या, कॉलेज आलं आणि गिटार त्याच्या खोलीत कपाटाच्या मागे उभी राहिली. 2020 च्या बंदीवासात कुणी पाव भाजले, कुणी योगासनं केली. मी ती गिटार पुसून मांडीवर घेतली. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते.

आता त्याला पाच वर्षं झाली. आपल्या मंडळाच्या भावगीतांच्या कार्यक्रमात मी मागे बसून साथ करते हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय, ऐकू किती आलं ते माहीत नाही. सुधीर फडक्यांच्या चालींना कॉर्ड लावताना त्यातल्या त्यात धीर येतो. खळेकाकांची चाल मात्र तीन कॉर्डमध्ये मावेल असं वाटतं आणि चौथ्या ओळीला ती दुसऱ्याच दाराने निघून जाते. तर, गेल्या वर्षी गणपतीत साथ करून घरी आले तेव्हा डाव्या हाताचं पहिलं बोट रात्रभर ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "मला चांगली गिटार घ्यायचीय."

"घे की," तो म्हणाला. मग किंमत विचारली, आणि चहाचा कप खाली ठेवला.

किंमत मी आधीच बघून ठेवली होती. मार्टिन कंपनीचा कारखाना पेनसिल्व्हेनियात नाझरेथला आहे, आमच्यापासून तासाभरावर. 1833 साली जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या माणसाने काढलेली ही कंपनी, अजून त्याच घराण्याकडे आहे. कारखाना बघायला जाता येतं, शेजारी संग्रहालय आहे आणि काही गिटारी हातात घेऊन वाजवूनही बघता येतात. तिथे मी एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, जेमतेम ऐकू येईल अशी वाजवली. आजूबाजूला सगळे पुरुष, आणि प्रत्येकाला काहीतरी वेगात वाजवता येत होतं.

पहिला शोध असा की मोठं अंग म्हणजे चांगली गिटार नव्हे. ड्रेडनॉट नावाचा जो रुंद आकार सगळीकडे दिसतो (नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलंय, यावरून काय ते समजा), तो माझ्या पाच फूट एक इंचाच्या देहावर धान्याच्या कोठीसारखा बसतो. घरची गिटार त्याच मापाची. 'ट्रिपल ओ' नावाचा त्याहून लहान आकार असतो, कमरेत बारीक. त्यातल्या काहींच्या तारांची लांबीही थोडी कमी असते, 25.4 ऐवजी 24.9 इंच. अर्ध्या इंचाने काय होतं असं वाटेल. पण तारांवरचा ताण कमी होतो, पडदे जवळ येतात आणि करंगळी पोचते.

दुसरी गिटार विक्रेत्याने दाखवली ती काळपट तपकिरी, पाठ आणि बाजू रेघारेघांच्या. "ईस्ट इंडियन रोझवुड," तो म्हणाला. मी पालथी करून बघितली आणि मला हसू आलं. शिसवी! आमच्या मिरजेच्या घरातला देव्हारा ह्याच लाकडाचा. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं, तेव्हा कंपनीने आपलं भारतीय शिसव घेतलं. आजीने कुंकवाच्या बोटांनी पुसलेलं लाकूड इथे साडेतीन हजार डॉलरला टांगलेलं होतं.

ट्रिपल ओची किंमत तीन हजारांच्या आसपास. म्हणजे मे महिन्यातली भारताची दोन तिकिटं. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे, त्यामुळे हल्ली माझं चलन तिकिटातच मोजलं जातं.

मुलाला शिकागोला फोन केला. तो आता नोकरी करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तू जे वाजवतेस त्यातलं त्या गिटारवर न होणारं असं काय आहे?"

हे अगदी खरं होतं, म्हणूनच फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चिडलेली होते.

चिडण्याचं कारण जुनं होतं. आमचं घर मिरजेत सतारमेकर गल्लीपासून दहा मिनिटांवर. शाळेतून येताना उन्हात वाळत ठेवलेले भोपळे दिसायचे, तबली घासण्याचा आवाज यायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या व्हॉट्सॅप गटात सगळ्यांत आधी मीच बातमी टाकली होती. माझी आई गायची. दर्ग्याच्या उरुसातलं गाणं ऐकायला रात्रभर बसायची. पण घरात तंबोरा कधी आला नाही. हार्मोनियमचा एक सूर धरून ती रियाज करायची, आणि कुणी विचारलं की म्हणायची, "आधी तेवढा गळा तयार होऊ दे." पुढे गळ्याने साथ सोडली. माझ्या मनात ही गोष्ट अशी पक्की बसलेली: दारात तंबोरे बनत होते आणि आईने स्वतःला लायक समजलं नाही. मुलाचा प्रश्न त्या जागेवर लागला.

म्हणून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी तिला सरळ विचारलं, "आई, तंबोरा घेतला नाहीस याचं वाईट वाटतं का गं?"

"कसला तंबोरा?" ती म्हणाली. मग आठवून हसली. "अगं, दोन खोल्या, तुम्ही चौघं. ठेवणार कुठे? तू तर सायकल आत आणायचीस. पहिल्या आठवड्यात भोपळा फुटला असता." आणि गळ्याचं? "ते आपलं म्हणायचं. जागा नाही म्हणण्यापेक्षा ते बरं दिसतं."

तीस वर्षं सांभाळलेलं दुःख असं दोन वाक्यांत गेलं. थोडा रागच आला मला. पण आता गिटारचा निर्णय आईच्या तंबोऱ्यावर ढकलता येईना. जाता जाता तीच म्हणाली, "बोट दुखतंय म्हणतेस, तर घोडी बघून घेतलीस का?"

नव्हती बघितली! पाच वर्षं मी माझ्या बोटांना दोष देत होते.

आमच्या गावाजवळ एक जण घराच्या तळघरात गिटारी दुरुस्त करतो. त्याने बाराव्या पडद्यावर छोटी पट्टी लावली. तार पडद्यापासून जवळजवळ चार मिलिमीटर वर. अडीचच्या आत हवी. मानेच्या टोकाला ज्या खाचांतून तारा जातात त्याही उथळ होत्या, त्यामुळे पहिल्या पडद्यावर सगळ्यांत जास्त जोर लागायचा. एफ कॉर्ड तिथेच येते. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं असतं, त्यामुळे शिकणारे निम्मे लोक तिथेच गिटार सोडतात. त्याने खाचा खोल केल्या, मानेतली सळई पिळून बाक काढला, प्लास्टिकच्या पट्टीऐवजी घोडीवर हाडाची पट्टी बसवली आणि तळातून घासली. मी बघत उभी होते. मिरजेत जवारी काढताना कारागीर असाच वाकतो, घासतो, वाजवतो, पुन्हा घासतो. फरक एवढाच की तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार निसटती घासून झणकार यावा म्हणून धडपड असते, आणि इथे तो झणकार म्हणजे दोष. नव्या तारांसकट पंच्याऐंशी डॉलर झाले.

एफ कॉर्ड लागली. पहिल्यांदा सहाही तारा वाजल्या. मी त्याच्या तळघरात "अरे!" असं मराठीत ओरडले.

इथे हा लेख संपायला हवा होता, आणि नवऱ्याच्या मते संपलाच होता. पण मी महिनाभर वाजवून पुन्हा नाझरेथला गेले. आता सामना न्याय्य होता, दोन्हींना नव्या तारा, दोन्ही नीट लावलेल्या. आमची गिटार लाकडाचे थर चिकटवून केलेली, प्लायवुडच म्हणा. तिची तबली जाड आणि हट्टी. तिथल्या गिटारीची तबली अखंड स्प्रूसची. जोरात वाजवलं तर फार फरक नाही. हळू वाजवलं की कळतं. गायक श्वास घेतो तेवढ्या वेळात आमचीचा सूर विझतो, तिचा टिकून राहतो. आणि मला तर कायम हळूच वाजवायचं असतं, गाणाऱ्याच्या मागे. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं होतं.

तरीही नवी घेतली नाही. तीन महिने शोधून जुनी घेतली, ट्रिपल ओ, स्प्रूसची तबली, मॅहॉगनीची पाठ. तबलीवर कुणाच्या तरी पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा आहे, त्यापायी निम्म्याच्या जवळ किंमत आली. एक तिकीट वाचलं, ते मेमध्ये वापरलंही. एक सांगून ठेवते, कुणी घेणार असाल तर: अखंड लाकूड इथल्या हिवाळ्यात हीटरने सुकतं आणि तडकतं. हवेतला दमटपणा 45 ते 55 टक्के लागतो. आमच्या घरात जानेवारीत 25 होता. आता गिटार पेटीत राहते, आत ओलाव्याच्या पुड्या असतात, आणि नवरा म्हणतो की माझी त्वचा फुटली तेव्हा कुणी यंत्र आणलं नव्हतं.

जुनी गिटार मंडळातल्या एखाद्या मुलीला देऊन टाकावी असं ठरवलं होतं. थँक्सगिव्हिंगला चिरंजीव आले, त्यांनी ती उचलली, एफ कॉर्ड लावली, थांबले. "ही अशी कधी झाली?" मग पुन्हा लावली. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

"ही कुणाला देऊ नकोस," तो म्हणाला, "माझी आहे." जाताना विमानात नेली. तारा सैल करून द्यायच्या, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

त्या आठवड्यात आईला व्हिडिओवर नवी ऐकवली. मन लावून ऐकलं तिने, डोळे मिटून.

"छान आहे," म्हणाली. "तिसरी तार उतरलीय."